अजायबखान्यातली परी आणि शांत स्वभावाचा मोहतमीम

सोमवार, १ बहमन १३३६ फसली (इंग्रजी ६ डिसेंबर १९२६). सकाळ. मोमिनाबाद, म्हणजे आमचे आंबाजोगाई.

आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचायची नाही, असे पत्नीला बजावले. कौशल्या म्हणाली, मला चुलीपुढून फुरसत मिळाली तर ना. उत्तर उद्धट होते. मी काहीही बोललो नाही. फक्त पाट पायाने सरकवला. तो भिंतीवर आपटून दुभंगला. लाकूड जुने होते.

रोजनिशीचे कारण मोठे आहे. काल हैदराबादेहून कंदिलाच्या काचा आल्या, त्या एका इंग्रजी मासिकाच्या पानांत गुंडाळलेल्या होत्या. वाचून पाहिले. विलायतेत एका म्युझियममध्ये थंडीच्या दिवसांत मुले जमवतात. त्यांना फेअरी टेल म्हणजे परीकथा वाचून दाखवतात, आणि मग त्या कथेतल्या वस्तू त्यांच्याच हातांनी बनवून घेतात. मुले शांत आणि सुसंस्कृत होतात. हे नेमके कसे करायचे ते पुढच्या पानावर होते. ते पान आमचा शिपाई सुग्रीव याने चूल पेटवायला वापरले. हरकत नाही. पुढचे मी अंदाजाने ओळखले आहे.

मी इथल्या अजायबखान्याचा मोहतमीम, म्हणजे सगळा कारभार माझ्याकडे. सुंदरराव देशमुखांनी जुन्या रिसाल्याच्या, म्हणजे घोडदळाच्या, तबेल्यात हा संग्रह मांडला आहे. धर्मापुरीकडून गाडीत घालून आणलेल्या दगडी मूर्ती, तलवारी, एक लहान तोफ, एक जुनी पालखी, एक पेंढा भरलेला वाघ. पाहायला कोणी येत नाही. आता येतील.

पूर्वी मी शाळेत मास्तर होतो. प्रकृतीच्या कारणाने नोकरी सुटली. (प्रकृती माझी नव्हे, एका विद्यार्थ्याची. तो आता बरा आहे. एका कानाने उत्तम ऐकू येते.)

या गावाची पोरे अत्यंत हिंसक. वरच्या आळीची आणि खालच्या आळीची रोज दगडफेक. परवा एकाचे डोके फुटले. यांना परीकथेची गरज आहे, आणि माझ्यासारख्या माणसाची.

संकल्प: प्रोग्राम संपेपर्यंत कोणावरही हात उगारायचा नाही. मुळात मी शांतच आहे, पण ते लोकांना दिसले पाहिजे.

मंगळवार, २ बहमन. दुपार.

देशमुखांना भेटलो. त्यांना कल्पना पसंत पडली. एवढेच विचारले, "त्रिंबकराव, पोरं तुमच्यापाशी येतील का पण?" मी म्हणालो, का नाही येणार? ते पानाला चुना लावत बसले.

मोठी बातमी. बीडचे तालुकदार साहेब, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टरच, महिनाअखेरीस दौऱ्यावर येणार. बेगमसाहेबाही येणार. शेवटचा प्रोग्राम त्यांच्यासमोर करायचा. साहेब खूश झाले तर मला हैदराबादेच्या मोठ्या अजायबखान्यात बोलावणे येणार, हे उघड आहे.

शिपाई सुग्रीव याला ही बातमी सांगितली तर तो हसला. माझ्या हातात दौत होती. ती सुटली. थेट त्याच्या कपाळावर गेली, हा योगायोग. "मालक, मला कावून मारता?" म्हणाला. याला म्हणतात गैरसमज. शाई वाया गेली ते वेगळेच.

संकल्पात दुरुस्ती: वस्तू हातातून सुटणे म्हणजे हात उगारणे नव्हे.

शुक्रवार, ५ बहमन. संध्याकाळ.

पहिला प्रोग्राम. शुक्रवारची सुट्टी, त्यामुळे गर्दी. देशमुखांनी गूळ-शेंगदाणे वाटणार अशी दवंडी दिली होती, पण मुले कथेसाठीच आली असावीत. वरच्या आळीचा म्होरक्या गहिनीनाथ, देशमुखांचा पुतण्या. खालच्या आळीचा सटवा, तुळजाबाईचा मुलगा. दोघे एकमेकांकडे मांजरासारखे बघत बसले. आमची मुलगी शिवकन्याही आली होती. नऊ वर्षांची आहे. आईच्या मागे बसली.

कथा माझीच. विलायती धर्तीची. बर्फाच्या डोंगरावर एक परी राहते. राक्षस येऊन सगळ्यांच्या चुलीतला विस्तव चोरतो. लोक गारठतात. परी राक्षसापुढे गाणे म्हणते. त्याचे मन विरघळते, तो विस्तव परत करतो.

सटवाने विचारले, "बरफ म्हंजी गारा का?" मी म्हणालो, त्याहून मऊ. तो म्हणाला, गारा कुठं मऊ असत्यात, गेल्या साली गारांनी आमचं वासरू मारलं. लगेच वासरू कसे मेले याचे वर्णन सुरू झाले. डोळ्यांपासून खुरांपर्यंत. सगळी मुले पुढे सरकून ऐकू लागली. माझ्या परीला कोणी विचारीना.

मी मोठ्या आवाजात पुढे वाचले. गाण्यापाशी आलो तर गहिनीनाथ म्हणाला, "गाण्यानं राक्षस मरतो व्हय? मुंडकं कावून न्हाई तोडलं?" मी शांतपणे त्याचा कान धरला आणि कथेचा भावार्थ समजावला. भावार्थ लांब होता. कान लाल झाला. थंडीत होतात.

नंतर हस्तकला. ओल्या मातीची परी बनवायची होती. मातीचे गोळे झाले. गोळे कसले, तोफगोळेच. वरची आळी वाघाच्या बाजूने, खालची आळी पालखीच्या बाजूने. मी मध्ये उभा राहून "डिसिप्लिन!" असे ओरडलो. तोंड उघडे असल्याने एक गोळा आत गेला. त्यात खडा होता. दाढ हलते आहे.

ज्याने मारला त्याला पकडता आले नाही, म्हणून जो जवळ होता त्याला पकडले.

एकंदरीत सुरुवात उत्साहवर्धक.

संकल्पात दुरुस्ती: कान हा हातात मोडत नाही.

शनिवार, ६ बहमन. सकाळ.

कौशल्या म्हणते, पोरांना तुमची कथा नको, तुमच्या हातात काय आहे तेच बघत असतात सारखी. मी म्हणालो, माझ्या हातात पुस्तक होते. ती म्हणाली, पुस्तक न्हाई, पट्टी होती.

पट्टी ओळीखाली धरायला होती. बायकांना शिक्षणशास्त्रातले काही कळत नाही.

शुक्रवार, १२ बहमन. रात्र पडली. एक डोळा मिटलेला, म्हणून अक्षर वाकडे.

आज मुखवटे. कथेतल्या राक्षसाचा मुखवटा ज्याने त्याने आपल्या कल्पनेने बनवायचा. पुठ्ठा, खळ, काजळ, कावेची माती. मुले एकदम गुंतली. वरची आळी आणि खालची आळी एकमेकांना काजळ देत होती! मी मनात म्हटले, हीच ती संस्कृती.

मुखवटे तयार झाले तेव्हा मात्र निराशा. या मुलांना कल्पनाशक्ती अजिबात नाही. राक्षसाला शिंगे असावीत, सुळे असावेत. सगळ्यांनी साध्या माणसाचे तोंड काढले. गोल चष्मा. उजवीकडे वर आणि डावीकडे खाली अशी मिशी. भुवईवर व्रण. कपाळाला आडवे गंध. एकाचे पाहून दुसऱ्याने काढले असणार. कॉपी करण्याची सवय. देशमुख बघायला आले होते. मुखवटे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि ठसका लागला म्हणून बाहेर गेले. बाहेर बराच वेळ ठसकत होते.

सुग्रीव भिंतीला टेकून हसत होता. का ते सांगेना.

मग मुलांनी राक्षस मारण्याचा खेळ सुरू केला. माझ्या कथेत मारणे नाही, हे मी परत परत सांगितले. ऐकतो कोण? मुखवटे खांबाला बांधले आणि तुराट्यांनी झोडपले. इतक्या मनापासून मी या मुलांना कधी काही करताना पाहिले नाही. सटवा तर रडत रडत मारत होता. पट्टीच्या वळांचा हात दुखतो म्हणाला. दुखतो तर मारू नये.

मी त्याला थांबवायला गेलो. त्याने ऐकले नाही. माझा हात वेगात होता आणि त्याचे तोंड वाटेत आले. तो तोफेवर पडला. दात पडला. मी तपासले, दुधाचा होता, पडणारच होता. रक्त मात्र बरेच आले. शिवकन्या उठून बाहेर पळाली.

यानंतरचे थोडक्यात. सटवाची आई तुळजाबाई खुरपणीवरून आली. तिच्या हातात पायताण होते. मी तिला सायंटिफिक रीतीने दुधाच्या दातांबद्दल सांगू लागलो. तिने पहिले पायताण डोळ्यावर मारले. दुसरे कुठे ते मोजले नाही. "माझ्या लेकराचं थोबाड फोडतोस व्हय रे? मास्तर होतास तवा एकाला बहिरा केलास, आता अजायबखान्यात बसून दात पाडतोस?" असे ती बाजारातून ओरडत निघाली. मी पुढे, ती मागे. लोक उठून उभे राहिले. कोणी अडवले नाही. पारावरच्या म्हाताऱ्यांनी माझ्यासाठी वाट करून दिली, ती तिच्यासाठीही झाली.

शेवटी मी परत तबेल्यात येऊन तोफेवर चढलो. युद्धशास्त्रात याला उंच जागा घेणे म्हणतात.

शनिवार, १३ बहमन.

कौशल्या हळदीने डोळा शेकते. शेकताना जोर फार लावते. मी म्हणालो, हळू. ती म्हणाली, हळूच आहे.

वाटीतली हळद सांडली. वाटी आधी माझ्या हातात होती, नंतर अंगणात.

सोमवार, १५ बहमन.

देशमुखांनी बोलावले. फार रागावले होते. प्रोग्राम बंद करा म्हणाले. पण तालुकदार साहेबांच्या दौऱ्याच्या कागदात "बच्चों का जलसा" असे चढून गेले आहे आणि ते आता उतरत नाही. म्हणून चालू. अट एकच, मी तुळजाबाईची माफी मागायची.

गेलो. तिच्या दारात उभा राहून म्हणालो, झाल्या प्रकारात दोन्ही बाजूंची चूक आहे, मी तुला माफ करतो. ती आत गेली. मला वाटले, चहा ठेवायला गेली. ती मुसळ घेऊन आली.

माफी पोहोचली असे देशमुखांना कळवले.

शुक्रवार, १९ बहमन. संध्याकाळ.

आज फक्त कागदी फुले. कात्री एकच आणि ती माझ्याजवळ. यात हिंसा होऊ शकत नाही, असे मी सुग्रीवला सांगितले.

फुले छान झाली. पण फुले ठेवायची कुठे यावरून वाद. गहिनीनाथ म्हणाला, वाघाच्या गळ्यात. सटवा म्हणाला, वाघाचे तोंड खालच्या आळीकडे आहे, तेव्हा तो आमचा. वरच्या आळीने मुंडके धरले, खालच्या आळीने शेपूट. हा वाघ देशमुखांच्या आजोबांनी मारला होता. आज दुसऱ्यांदा मेला. मुंडके वरच्या आळीत गेले, धड खालच्या आळीत, आणि पेंढा माझ्या अंगावर. पेंढ्यात उंदराची पिल्ले होती.

मग रस्त्यावर दगड. मी मध्ये पडून दोन्हीकडच्यांना सारखेच बडवले. भेदभाव केला नाही. पोरांनी भांडण थांबवले आणि दोन्ही आळ्यांनी मिळून मला दगड मारले. म्हणजे एकी झाली. हे श्रेय माझे.

संकल्पात दुरुस्ती: दोन्ही पक्षांना सारखे मारल्यास त्याला न्याय म्हणावे.

सोमवार, २२ बहमन.

साहेबांपुढे काय करायचे ते ठरले. माझ्या कथेचे छोटे नाटक. शिवकन्या परी होईल. तिचे पंख कागदाचे, मुलांनी मिळून केलेले. पांढरे, मोठे, कामट्यांवर ताणलेले. पाहून मलाही बरे वाटले. सुग्रीव राक्षस. राजा मी. माझ्या कथेत राजा नव्हता, आता घातला. परी गाते, राक्षसाचे मन विरघळते, राजा त्याला मिठी मारतो. समाप्त. अहिंसेचा धडा.

राजाच्या कमरेला तलवार हवी. अजायबखान्यातलीच, खरी. ती उपसायची नाही. उपसायची नाही, यातच अहिंसा दिसते. कौशल्या म्हणाली, लाकडाची घ्या. मी म्हणालो, लाकडाची तलवार न उपसण्यात कसला संयम?

सुग्रीवने राक्षस व्हायला लगेच होकार दिला. तालीम कितीदाही करू म्हणाला. मिठीच्या जागेची तर त्यानेच आठवण करून दिली. स्वामिनिष्ठ माणूस.

शिवकन्येचा आवाज गाताना कापतो. मी तिला समजावले, घाबरायचे काही कारण नाही. मोठ्याने समजावले. तरी कापतो.

गुरुवार, २५ बहमन. संध्याकाळ.

तालुकदार साहेब गावात आले. उद्या माझा दिवस. सदरा धुतला, मिशीला तूप लावले. हैदराबादेत घर कोणत्या मोहल्ल्यात घ्यावे याचा विचार करतो आहे. कौशल्येला विचारले. ती भाकरी थापत राहिली.

शनिवार, २७ बहमन.

काल लिहिता आले नाही. जे घडले ते आज क्रमाने आणि निःपक्षपातीपणे लिहितो.

गर्दी अफाट. साहेब खुर्चीवर, बेगमसाहेबा चिकेच्या पडद्याआड. देशमुख, गावातले प्रतिष्ठित लोक. दोन्ही आळ्यांची मुले जमिनीवर. तुळजाबाई मागे उभी.

शिवकन्येने गाणे म्हटले. खरोखर चांगले म्हटले. पडद्यामागून "वाह" आले. सुग्रीव राक्षस होऊन गुडघ्यांवर बसला, रडण्याचा अभिनय केला. इथपर्यंत उत्तम.

मग मी मिठी मारायला हात पसरले. सुग्रीव उठला. त्याने मला मिठीत घेतले आणि उचलले. हे तालमीत नव्हते. "ही दौतीची," असे कानात म्हणाला आणि मला आपटले. पुन्हा उचलले. "ही अडकित्त्याची." (अडकित्ता गेल्या वर्षी माझ्या हातातून सुटला होता.) "ही माझ्या म्हाताऱ्याला ढकलून दिलं त्याची." तो दर वेळी कारण सांगत होता, आणि लोकांना वाटले हे नाटकातले संवाद आहेत. साहेबांनीही टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांनी मुले पेटली. "मारा राक्षसाला!" अशी आरोळी कोणी दिली माहीत नाही. राक्षस तर सुग्रीव होता. घाईत मुलांचा माणूस चुकला. वरची आळी डोक्याकडून आली, खालची पायांकडून. गहिनीनाथ छातीवर बसला. सटवाने चावा घेतला, दात नसलेल्या जागेमुळे पूर्ण बसला नाही. चष्मा गेला. पागोटे गेले. लोक हसत होते. सगळे हसत होते. साहेब हसत होते. देशमुख तोंडावर उपरणे धरून हसत होते. पडद्यामागूनही हसणे आले. सगळ्या गावापुढे मी चीत पडलेलो आणि गाव हसते आहे.

मग मी उठलो. तलवार उपसायची नव्हती. पण असे प्रसंग येतात. गंजाने म्यानात अडकली होती. ओढली, निघेना. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा सगळ्या ताकदीने ओढली तेव्हा एकदम निघाली आणि हात आपोआप गोल फिरला. चष्मा नव्हता. समोर काहीतरी पांढरे आले.

"आप्पा, नका," असे ऐकू आले. ते नंतर ऐकू आले की आधी, हे आता नक्की सांगता येत नाही.

कागद फाटल्याचा आवाज झाला. शिवकन्या मध्ये आली होती. कोणी सांगितले होते तिला मध्ये यायला? तलवार पंखातून गेली आणि तिच्या दंडाला लागली. पंख पांढरा होता, म्हणून रक्त जास्त दिसले. ती रडली नाही. आधी पंखाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

हसणे थांबले. इतकी शांतता या तबेल्यात मी मोहतमीम झाल्यापासून कधी झाली नव्हती.

मुले एका क्षणात तिच्याभोवती उभी राहिली. गहिनीनाथ आणि सटवा तिच्यापुढे, हात पसरून. माझ्याकडे तोंड करून. तुळजाबाईने पदर फाडून दंड बांधला. कौशल्या कुठून आली कळले नाही, तिने पोरीला उचलले आणि चिकेआड नेले.

मी साहेबांना सांगितले, तलवार बोथट आहे. पुन्हा सांगितले. साहेब खुर्चीतून उठले आणि अगदी हळू म्हणाले, "मोहतमीम साहब, पहले उसे नीचे रखिए." तेव्हा लक्षात आले की ती अजून माझ्या हातात होती, आणि वर होती.

पोर मध्ये आली. तलवार गंजलेली होती. सुग्रीवने आधी सुरुवात केली. मुलांना गोष्टींचे वळण नाही. हे सगळे मुद्दे मी आज कागदावर क्रमाने मांडले. बरोबर आहेत. परत वाचले तरी बरोबरच आहेत.

घरात कोणी नाही. चूल थंड आहे.

मंगळवार, ३० बहमन.

दवाखान्यात टाके घातले. हात हलतो, असे सुग्रीवकडून कळले. सुग्रीव आता माझ्याशी लांबून बोलतो. मी काही केलेले नाही, तरी लांबून.

कौशल्या आणि शिवकन्या हवापालटासाठी गेल्या आहेत. तुळजाबाईकडे. हवा तीच आहे, घर बाजाराच्या पलीकडे आहे. मी निरोप पाठवला की परत या, झाले गेले विसरू. उत्तर तुळजाबाईने दिले. निरोप नेणारा लंगडत आला.

साहेबांचा हुकूम आला. माझी नोकरी गेलेली नाही! विरोधकांना वाटले होते, जाईल. बेगमसाहेबांच्या इच्छेने जलसा दर शुक्रवारी चालू ठेवायचा आहे. कथा कौशल्याबाईंनी सांगायची. मोहतमीमने जलशाच्या वेळी फाटकाबाहेर थांबायचे.

म्हणजे बंदोबस्ताची जबाबदारी माझ्यावर दिली आहे. विश्वासाची जागा आहे.

शुक्रवार, ३ इस्फंदार. फाटकाबाहेरून, पेन्सिलीने.

बंदोबस्त चोख. आतून आवाज येतो. कौशल्येला गोष्ट सांगता येते, हे मला लग्नापासून माहीत नव्हते. तिच्या गोष्टीत राक्षसाचे मुंडके तोडतात. एकदा नाही, सात वेळा, कारण त्याला पुन्हा पुन्हा उगवते. मुले किंचाळतात, हसतात. मी आत जाऊन सांगणार होतो की हे शिक्षणाला मारक आहे. फाटकाशी गेलो. आतले हसणे बंद झाले. परत आलो. थोड्या वेळाने सुरू झाले.

दगडफेक या आठवड्यात झाली नाही. माझ्या प्रोग्रामचा परिणाम दिसू लागला आहे.

शुक्रवार, १० इस्फंदार. संक्रांत. सकाळी.

थंडी अजून आहे. फाटकाबाहेर दगडावर बसून आहे. आत मुले तीळगूळ वळत आहेत, आजची हस्तकला तीच. काटेरी हलवाही केला आहे म्हणे. खमंग वास येतो.

घरी यंदा केले नाही. एकट्यासाठी कोण करतो?

लिहीत असताना फाटक उघडले. शिवकन्या आली. हाताला पट्टी. आईने पाठवले की स्वतःहून आली, माहीत नाही. मुठीत तीळगूळ होता. जवळ आली नाही, पण आली. मला बरे वाटले. काहीतरी बोलावे असे वाटले. पट्टी सैल झाल्यासारखी दिसली, म्हणून नीट करायला मी हात पुढे केला.

तिने दोन्ही हातांनी डोके झाकले. डोळे मिटले आणि खाली बसली.

थंडी वाजली असेल, असे आधी वाटले.

मी हात तसाच ठेवला. मागे घ्यावा तर ती आणखी दचकेल, पुढे करावा तर... कुठे ठेवावा ते सुचेना. मारणार नव्हतो. तिला सांगितले, मारणार नव्हतो. ती म्हणाली, "हो आप्पा." डोळे मिटलेलेच. मग हात बराच वेळ आला नाही, तेव्हा तिने एक डोळा उघडून पाहिले, उठली आणि आत गेली. गोड बोला, असे म्हणायचे राहिले. तिचेही, माझेही.

तीळगूळ तिच्या हातातून धुळीत पडला होता. उचलून खाल्ला. कचकच लागला. कौशल्येने तीळ नीट निवडले नाहीत, असे लिहिले होते. ते खोडले. धूळ होती.

आतून शिवकन्येचे हसणे ऐकू येते आहे. मी आवाज न करता बसलो आहे.